सांगितले, पण पोहोचले का?



१९९१ साली सोमालियाचे सरकार कोसळले आणि यादवी युद्धामुळे लाखो लोकांनी देश सोडला. अनेक कुटुंबे स्वीडन, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत स्थायिक झाली. तेथे दवाखाने सुसज्ज होते. तरीही स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोमाली मातांनी सांगितले, की गरोदरपणी त्या मुद्दाम कमी जेवत. बाळ लहान राहिले की प्रसूती सोपी होईल आणि सिझेरियन टळेल, असे त्यांना वाटे.

'केवढे हे अज्ञान!' असे कोणी म्हणेल. पण सिझेरियन म्हणजे आईचा मृत्यू, ही धास्ती त्यांनी मायदेशातून बरोबर आणली होती. त्यांच्या विचाराला कारण होते. फक्त ते दुसऱ्या ठिकाणचे होते. मात्र उपाशी राहण्याने पोटातील बाळाला धोका होता, हेही तितकेच खरे.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. सोमाली भाषेत पत्रक छापून तिच्या हाती दिले, म्हणजे सत्य सांगण्याचे कर्तव्य संपले का? सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ साली. पुढे युद्धात कित्येक मुलींची शाळा सुटली. वाचता न येणाऱ्या आईने पत्रकाचे काय करावे? आणि दुभाषी म्हणून नवरा किंवा शाळकरी मुलगा शेजारी असेल, तर ती आपल्या शरीराचे दुखणे कसे बोलणार?

संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानात एक विचार आहे: देणारा कितीही देवो, घेणारा ते आपल्या स्थितीप्रमाणेच घेतो. म्हणून सत्य बोलणे ही अर्धीच जबाबदारी आहे. उरलेली अर्धी ऐकण्याची. आधी तिची भीती विचारावी. मग एखाद्या स्त्री दुभाषीच्या मदतीने सिझेरियन केव्हा व का करतात, ते स्पष्ट सांगावे. धोका लपवू नये, धाकही घालू नये. न समजता दिलेला होकार हा खरा होकार नव्हे.

पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांनी, 'आधी आमची भाषा शिकून या,' असे कोणाला सांगितले नाही. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले.

आपल्याकडेही पाड्यावरून आलेली गरोदर बहीण दवाखान्यात मान डोलावते. ती कळले म्हणून डोलावते की भीतीपोटी, एवढे विचारायला आपण थांबतो का?

प्रभू येशू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू