मध्यस्थाचा धर्म

शस्त्रें खालीं ठेवलीं म्हणजे शांतता झाली, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु बंदुकांचा आवाज थांबणें ही एक गोष्ट, आणि ज्यांनीं त्या उचलल्या त्यांचीं मनें वळणें ही दुसरी. पहिली सैनिकाच्या पहाऱ्यानें साधते. दुसरीसाठीं बोलणारा माणूस लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिपथकांतील निळ्या टोपीचा शिपाई सर्वांस दिसतो. पण त्याच्याबरोबर राजकीय व्यवहार पाहणारी जी लहानशी मंडळी असते, ती क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. कोणत्या पक्षास काय हवें आहे, कोणत्या पुढाऱ्याचा शब्द त्याचे अनुयायी मानतात, कोणता करार मोडण्याच्या बेतांत आहे, हें हिंडून-बोलून जाणून घ्यावें, उभयतांस समोरासमोर बसवावें, आणि जें खरें दिसेल तें वरिष्ठांस कळवावें, हें तिचें काम. त्यासाठीं, ज्याच्या हातून कालच हत्या झाली त्याच्याशींहि बोलावें लागतें. म्हणूनच प्रश्न पडतो कीं, सर्वांशीं समभावानें वागणारा हा मध्यस्थ न्यायान्यायाविषयीं उदासीन तर होत नाहीं ना?

या प्रश्नाचा विचार करतांना प्रथम आपल्याच इतिहासांतील एक प्रसंग आठवतो. १७७८ च्या अखेरीस, रघुनाथरावांस पुण्याचा कारभार मिळवून देण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलीस उतरली आणि बोरघाटाच्या वाटेला लागली. सेनापति एगर्टन यांच्या जोडीस कारनॅक आणि मॉस्टिन यांस नेमून मुंबईच्या कौन्सिलानें एक कमिटी केली होती; मोहिमेचें धोरण तिच्या हातीं होतें. यांपैकीं मॉस्टिन हे पूर्वीं पुणें दरबारीं इंग्रजांचे वकील होते. पण ते आजारी पडून मुंबईस परतले आणि लवकरच वारले. म्हणजे प्रतिपक्षास जाणणारा माणूसच गेला. पुढें तळेगांवाहून माघार घेतांना फौज वडगांवास कोंडली गेली, तेव्हां जानेवारी १७७९ मध्यें कमिटीनें तह केला. साष्टीसह घेतलेला मुलूख परत द्यावा, रघुनाथरावांस स्वाधीन करावें, असें ठरलें. फार्मर व स्टुअर्ट हे दोघे ओलीस म्हणून मागें राहिले. पण फौज सुखरूप परततांच, कमिटीस तह करण्याचा अधिकारच नव्हता असें सांगून मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या सरकारांनीं तो झुगारून दिला.

ही मंडळी मध्यस्थ नव्हती, एका पक्षाचीच होती, हें उघड आहे. तथापि, बोलणी करणाऱ्याच्या पाठीशीं त्याला धाडणारा उभा नसला म्हणजे शब्दाची किंमत किती उरते, हें त्या तहानें दाखविलें. पुढें तीन वर्षें युद्ध चाललें. १७८२ मध्यें सालबाईस जो तह झाला, त्यांत महादजी शिंदे उभयपक्षीं जामीन राहिले. नुसत्या सह्यांवर भिस्त न ठेवतां मध्यें जामीन घ्यावा लागला, यांत नवल नाहीं.

स्वार्थ नसलेला मध्यस्थ पाहावयाचा तर १९५३ च्या कोरियाकडे वळावें. जुलैमध्यें युद्धविराम झाला, पण मायदेशीं परतण्यास नाखूष असलेल्या २२ हजारांहून अधिक कैद्यांचा प्रश्न उरला. जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखालीं तटस्थ राष्ट्रांचें एक मंडळ नेमण्यांत आलें, आणि कैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. तिचे सेनानी कोल्हापूरचे शंकरराव थोरात. कैद्यांचे तळ म्हणजे राजकारणाचे आखाडेच होते. सप्टेंबरांत चिनी कैद्यांनीं एका भारतीय अधिकाऱ्यास आंत ओढून नेलें, तेव्हां थोरात स्वतः निःशस्त्र आंत गेले, त्यांच्याशीं बोलले, आणि अधिकाऱ्यास सोडवून घेऊन आले. बंदुका तारेबाहेर तयार होत्या. परंतु त्या झाडल्या असत्या तर अधिकारी आणि विश्वास दोन्ही एकदमच गेले असते.

ज्यानें परत जावयाचें म्हटलें त्यास धाडलें. ज्यानें नाकारलें त्याच्यावर सक्ती केली नाहीं. पण उरलेल्यांचा निकाल ज्या राजकीय परिषदेनें लावावयाचा, ती भरलीच नाहीं. अखेर जानेवारी १९५४ मध्यें बहुतेक कैदी ज्यांनीं सोपविले त्यांच्याच हवालीं करावे लागले, आणि ८८ जण भारतांत आले. पहारा चोख असूनहि प्रश्न सुटला नाहीं, कारण निकाल देणें हें पहाऱ्याचें कामच नव्हे.

आतां दुसरी बाजू पाहूं. जानेवारी १९९४ मध्यें रुवांडांतील शांतिपथकाचे सेनानी जनरल डॅलेअर यांस शस्त्रांच्या गुप्त साठ्यांची आणि कत्तलीच्या बेताची खबर लागली. साठे जप्त करण्यास न्यूयॉर्कहून परवानगी मिळाली नाहीं. उलट ही बातमी त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कानीं घालावी, असें सांगण्यांत आलें. साठे त्यांच्याच पक्षाच्या हस्तकांचे होते! एप्रिलपासून सुमारें शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसें मारलीं गेलीं. समभावाची रीत पाळली गेली, आणि तिचा लाभ मारेकऱ्यांस झाला.

म्हणून पक्षांविषयींचा समभाव आणि सत्याविषयींची उदासीनता यांत भेद केला पाहिजे. २००० मध्यें लखदर ब्राहिमी यांच्या मंडळानेंहि हेंच बजावलें कीं, आक्रमक आणि पीडित यांस एकाच मापानें मोजणें म्हणजे निःपक्षपात नव्हे. भाऊबंदकींत पडणारा शहाणा गृहस्थ दोन्ही घरीं पाणी पितो, दोघांचें ऐकतो. पण बांध कोणीं सरकविला हें त्याला ठाऊक असतें, आणि वेळ येतांच तें तो बोलून दाखवितो. मध्यस्थ न्यायाधीश नव्हे. निकाल देत नाहीं म्हणूनच लोक त्याच्याजवळ मन मोकळें करतात. परंतु जें ऐकलें तें दडपण्याचा अधिकार त्यास कोणींहि दिलेला नाहीं. आणि त्यानें खरें कळविल्यावर स्वस्थ बसण्याचा अधिकार त्याला धाडणाऱ्यांसहि नाहीं. हें दुसरें कर्तव्य पहिल्याहून अवघड आहे, आणि त्याचा भार मध्यस्थावर नव्हे, तर त्याला धाडणाऱ्या राष्ट्रांवर, म्हणजे अखेर आपणां सर्वांवर आहे.