मुलांना कोण शिकवील?



मेहकराकडे पैनगंगेकाठच्या खेड्यांत काय, वा अन्यत्र काय, वडील मंडळी उपासनेस बसते आणि मुले बाहेर धुळीत खेळतात. “आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवावे?” असे म्हणून आपण स्वस्थ राहतो. परंतु तीमथ्याचे पहिले गुरू कोण? आजी लोईस व आई युनीके! इ. स. १७८० साली ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स यांनी शब्बाथशाळा काढिली, तीही आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठीच.

तथापि भक्तीबरोबर तयारीही हवी. म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती की, शनिवारी रात्री दोघा-तिघा स्वयंसेवकांस जवळ बसवावे. शास्त्रातील एकच गोष्ट वाचावी. ज्यास वाचता येत नाही त्याने ती ऐकावी व आपल्या शब्दांत सांगून दाखवावी. मुलांस विचारावयाचा एक प्रश्नही ठरवावा. प्रथम काही रविवार त्यांनी उपदेशकाशेजारी बसावे, मग स्वतः शिकवावे. चुकल्यास चारचौघांत टोकू नये.

बालकांस अडविणाऱ्या शिष्यांवर प्रभू रागावला. आपला संकोच तीच आडकाठी न होवो. येत्या शनिवारी कोण येईल?