विरोधातून समता निपजते काय?

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले. हे चारही परस्परांहून भिन्न व स्वतंत्र आहेत. परंतु ते परस्परांचे वैरी आहेत असे शास्त्र म्हणत नाही. भेद म्हणजे विरोध नव्हे, हा विवेक साधकाने प्रथम चित्ती धरावा. आधुनिक राजकीय विचारसरणी नेमक्या याच ठिकाणी घसरतात.

मार्क्सच्या मते समाजाचा इतिहास वर्गसंघर्षाने घडतो व त्या संघर्षाच्या अंती वर्गहीन समाज येतो. भांडवलवादी मत स्पर्धेलाच प्रगतीचे मूळ मानते. दोहोंची भाषा निराळी, पाया मात्र एकच : एकाने दुसऱ्यावर मात करावी. १९१७ साली रशियात क्रांती होऊन जमीनदार व कारखानदार गेले. परंतु सत्ताधारी साम्यवादी पक्षाचे अधिकारीच नवा वर्ग होऊन बसतात, हे युगोस्लाव्हियातील साम्यवादी नेते मिलोव्हान जिलास यांनीच १९५७ साली ग्रंथरूपाने मांडले. पुढे १९९१ मध्ये ते सोव्हिएत राज्यही लयास गेले.

आता हाच न्याय आपल्या जवळच्या भूमीस लावून पाहू. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात खोत आणि कूळ असे दोन पक्ष होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक ठरला. हे कार्य थोर होते; त्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी राहणारा कातकरी खोतही नव्हता आणि कूळही नव्हता. तो खैराचा कात काढी, कोळसा पाडी, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करी. कागदावर त्याचे नावच नव्हते. मग कायदा त्याच्या हाती काय देणार? आजही तेथील कित्येक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि त्यांची झोपडी परक्याच्या जमिनीवर असते. शेतघरांसाठी जमीन विकली जाते तेव्हा विकणारा कित्येकदा पूर्वीच्या कुळाचाच वंशज असतो, आणि भय पडते ते कातकऱ्याच्या चुलीला. ज्याच्या आजाला कायद्याने न्याय दिला, त्याच्याच सहीने तिसऱ्याचा उंबरठा जातो.

याचे कारण काय? विरोधाची दृष्टी दोनच पक्ष पाहते. समतेला मात्र तिसरा दिसावा लागतो. स्वामींच्या निरूपणात जीव हा बद्धमुक्त आहे : अविद्येने बद्ध आणि मोक्षास पात्र. ही स्थिती खोताची, कुळाची व कातकऱ्याची एकच होय. समतेचा आधार शत्रूच्या पराभवात नसून जीवाच्या या समान स्वरूपात आहे.

केशिराजव्यासांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्य श्रीनागदेवांनी तो मराठीतच करावयास सांगितले. संस्कृताशी वैर हे त्याचे कारण नव्हते. केशिराजांनी संस्कृत स्तोत्ररचनाही केली. आचार्यांची चिंता ही होती की, भोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाबाहेर राहू नयेत. ‘विरोधी कोण?’ असे न विचारता ‘बाहेर कोण राहिले?’ असे विचारणे, हीच समतेची रीत.

मात्र यावरून अन्यायापुढे मौन धरावे असा अर्थ कोणी काढू नये. खोती आपोआप गेली नाही. ती हलविण्यास विरोध लागला. विरोध बांध फोडू शकतो. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत नेणे हे त्याचे काम नव्हे. ते काम करुणेचे व दक्षतेचे.

यास्तव भिक्षुकाने भिक्षेस जाताना वाडी वगळून गाव धरू नये. वासनिकाने मजुराची मजुरी वेळेवर द्यावी. आपल्या सातबाऱ्याच्या जमिनीवर कोणाची चूल पेटत असेल, तर सही करण्यापूर्वी तिचा विचार करावा व ती जागा त्या कुटुंबाच्या नावे होण्यास साह्य करावे. कारण जीवाला जीव म्हणून ओळखणे हे केवळ निरूपणाचे वचन नव्हे. ते आचरणात उतरावयाचे आहे.

दंडवत प्रणाम.