इशायाच्या घरची परीक्षा आणि कुत्र्यांचे प्रदर्शन

कुत्र्यांचे प्रदर्शन हा विषय मंडळीच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु देवाने मनुष्याला प्राण्यांवर जी सत्ता दिली तिचा अर्थ काय, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

प्रथम प्रदर्शन चालते कसे ते पाहू. प्रत्येक जातीचे आदर्श वर्णन लिहून ठेवलेले असते : उंची, डोक्याची ठेवण, दात, कान, शेपटी, चाल. परीक्षक कुत्र्याला हाताने तपासतो, रिंगणात चालवून पाहतो व त्या वर्णनाशी ताडून क्रम लावतो. जातीतील पहिला पुढे गटात जातो आणि गटांच्या विजेत्यांतून सर्वोत्तम कुत्रा निवडला जातो. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे भरलेल्या प्रदर्शनात फक्त शिकारी कुत्री होती. पुढे शिकार मागे पडली आणि रूप पुढे आले.

समर्थक म्हणतात, प्रदर्शनांमुळे जाती टिकतात व पाळणारे काळजी घेतात. यात तथ्य आहे. परंतु दुसरी बाजू गंभीर आहे. नाक चपटे हवे म्हणून पग व बुलडॉग यांना धड श्वास घेता येईनासा झाला. बुलडॉगच्या माद्यांची बाळंतपणे बहुधा शस्त्रक्रियेनेच होतात. २००८ साली बीबीसीने हे दुखणे एका माहितीपटात दाखवले आणि नंतर 'क्रफ्ट्स' या प्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले. २००९ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने सख्ख्या भावंडांच्या व आईबाप-पिलांच्या संकरातून झालेल्या पिलांची नोंद बंद केली.

आता आपल्या ग्वाल्हेरजवळ या. झाशीच्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानामुळे नावाजलेल्या मुधोळ कुत्र्यांनाही शिकवतात. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये दलाची रिया ही मुधोळ कुत्री सर्वोत्तम ठरली. तिची परीक्षा माग काढण्याची होती.

मग कामावरून किंमत ठरवावी काय? तेही पुरेसे नाही. काम संपलेला म्हातारा कुत्राही देवाचीच निर्मिती आहे.

शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा एकेक पुत्र त्याच्यापुढून चालत गेला. उंच, देखणा थोरला पाहून संदेष्ट्यालाही भूल पडली, देवाने त्याला थांबवले (१ शमु. १६:७). कुत्र्याच्या बाबतीत आपली चूक याहून पुढे जाते. आपण रूपाने भुलतो एवढेच नव्हे, तर ते रूप आपणच ठरवतो आणि त्याची किंमत मुक्या जिवाला श्वासाश्वासाने मोजायला लावतो. आदामाला बाग दिली ती राखण्यासाठी (उत्प. २:१५). धार्मिक मनुष्याची ओळखही आपल्या जनावराच्या जिवाची त्याला काळजी असते, यावरून होते (नीति. १२:१०).

म्हणून प्रदर्शन पाहणे पाप आहे, असे मी म्हणत नाही. परंतु घरी पिलू आणताना त्याच्या आईची प्रकृती कशी आहे, ते आठ आठवड्यांचे झाले आहे काय, हे विचारावे. २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे त्याआधी पिलू विकता येत नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात त्याला सुखाने श्वास घेता येईल काय, हेही विचारावे. मुलांच्या हौसेआधी हा प्रश्न घरात निघाला, तर आपल्या हाती दिलेली सत्ता आपल्याला थोडीफार समजली असे म्हणता येईल.