गुरूच्या उशाशी

मरणाऱ्याचा शब्द मोडू नये, अशी आपल्याकडची जुनी शिकवण आहे. घरातले वडील माणूस अंथरुणाला खिळले, की मोठ्या आवाजाची माणसेही हळू बोलू लागतात. ‘वाडा विकू नका’, ‘धाकटीचे यंदाच उरका’, असे काहीतरी त्या तोंडून निघते आणि ऐकणारा मान डोलावतो. मनात शंका असते. पण त्या घटकेला ती बोलून दाखवणे निर्दयपणाचे वाटते. त्या मान डोलावण्यामागे माया असते, यात संशय नाही. प्रश्न एवढाच, की जाणारा माणूस आपला गुरू असेल, तर त्याला खरा निरोप कोणता? होकाराचा, की शंकेचा?

इसवी सनापूर्वी 399 साली अथेन्सच्या तुरुंगात हाच प्रश्न उभा राहिला होता. सत्तरीच्या सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला होता. संध्याकाळी विषाचा पेला यायचा होता. त्या दिवसाची हकीगत प्लेटोने ‘फीडो’ या संवादात सांगितली आहे. आत्मा अमर आहे, असे सॉक्रेटिस समजावीत होता. तेवढ्यात सिमियस आणि सीबीस हे दोन शिष्य आपसांत कुजबुजताना त्याला दिसले. त्याने कारण विचारले. शंका आहे, पण अशा वेळी ती काढून आपल्याला क्लेश द्यायचे जिवावर येते, असे सिमियसने कबूल केले. सॉक्रेटिस हसला आणि त्याने त्यांना बोलायला लावले.

शंका साध्या नव्हत्या. वीणा मोडली की तिचा सूर संपतो. आत्मा हा देहाचा सूरच असला तर? हा सिमियसचा प्रश्न. गीतेतील जीर्ण वस्त्रांची उपमा आपल्या ओठांवर असते. सीबीसने जणू तिचीच दुसरी बाजू दाखवली. विणकर आयुष्यात किती वस्त्रे झिजवतो, पण शेवटचे वस्त्र त्याच्या मागे उरतेच. तसे अनेक देह वापरून आत्माही एखाद्या देहात झिजून गेला तर?

ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरले. काही घटकांनी मरणाऱ्या माणसाला, तुमचा आधारच कच्चा असेल, असे सांगायचे! पण सॉक्रेटिस रागावला नाही. शेजारी बसलेल्या फीडोच्या केसांवरून हात फिरवीत, एक युक्तिवाद फसला म्हणून विचाराचाच तिटकारा धरू नका, माझ्यापेक्षा सत्याची चाड अधिक ठेवा, असे त्याने सर्वांना बजावले. मग एकेका शंकेला शांतपणे उत्तर दिले. शेवटी, आपले प्रेत धुण्याचा त्रास बायकांना नको, म्हणून त्याने स्वतःच स्नान उरकले. आणि देवाला एक कोंबडा द्यायचा राहिला आहे, याची क्रिटोला आठवण करून दिली. लहानसे देणेही तो विसरला नाही. शिष्यांचे प्रश्न मात्र त्याने त्यांच्याजवळ जागेच ठेवले.

आपल्या भूमीतही असाच एक प्रसंग आहे. कुशिनारा येथे शालवृक्षांच्या खाली ऐंशी वर्षांचे गौतम बुद्ध अखेरच्या शय्येवर होते. कोणाला काही शंका आहे का, असे त्यांनी भिक्खूंना तीनदा विचारले. सारे गप्प. तेव्हा, गुरूच्या आदरापोटी बोलवत नसेल, तर मित्राने मित्राजवळ तरी सांगावे, असे त्यांनी सुचवले. केवढी ही काळजी! आपला दरारा शिष्याच्या प्रश्नाच्या आड येऊ नये, म्हणून गुरूने शेवटच्या घटकेला काढून दिलेली ही वाट.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक माणूस सॉक्रेटिस किंवा बुद्ध नसतो. अगदी खरे. वेदनेने तळमळणाऱ्याशी वाद घालायचा नसतो. त्याच्या ओठांना पाणी लावायचे असते, त्याचा हात हाती धरायचा असतो. पण ज्याची बुद्धी जागी आहे आणि जो आपण होऊन विचारतो आहे, त्याला नुसता होकार देणे म्हणजे त्याला जिवंतपणीच निरोप देणे होय. शिवाय न पटता दिलेल्या वचनाचे पुढे दोनच शेवट होतात: ते मोडते, नाही तर जन्मभर जड होऊन बसते. दोन्हींत गेलेल्या माणसाचा मान राहत नाही.

मी शाळामास्तर. तास संपल्याची घंटा झाली, की मुले पिशव्या आवरू लागतात. त्याच वेळी एखादा मुलगा हात वर करून म्हणतो, ‘गुरुजी, हे पटले नाही.’ घंटेनंतरचा तो वर आलेला हात हीच शिक्षकाची खरी कमाई. गुरू आपली उत्तरे घेऊन जातो. जाताना शिष्याच्या अंगी विचारण्याचे बळ ठेवून गेला, तर त्याचा तास संपत नाही.