आर-सी

रात्रीचे साडेअकरा झालेत. लातूरच्या गंजगोलाईतली शटरं कधीच खाली आली, क्लासहून परतणाऱ्या पोरांच्या सायकलीही आता वाजत नाहीत. लॅपटॉप उघडा. आत डेबियन असेल किंवा उबुंटू, चालेल. हात मांडीवर ठेवा, घाई नाही.

टर्मिनलमध्ये 'डीपीकेजी' लिहा, पुढे उणे आणि एल. पॅकेजची, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची, यादी उघडेल. उघडू द्या.

प्रत्येक ओळीच्या तोंडाशी दोन अक्षरं आहेत. पहिलं सांगतं, तुम्ही काय मागितलंत. दुसरं सांगतं, प्रत्यक्षात काय आहे. मागणं आणि असणं असे दोन वेगळे रकाने ठेवणारा हिशेबनीस मला फार शहाणा वाटतो. बहुतेक ओळींत दोन्हीकडे 'आय'च दिसेल: हवं होतं, आणि आहे.

आता सावकाश खाली या. एखाद्या ओळीवर 'आर' आणि 'सी' भेटतील. गाडीचं आरसी बुक नव्हे. 'आर' म्हणजे काढून टाका असं तुम्ही म्हणालात. 'सी' म्हणजे सेटिंगच्या फायली अजून इथेच आहेत. इथे थांबा. एक श्वास घ्या, सोडा.

समजा ते पॅकेज वेबसाइट चालवणारं अपाची होतं. तुम्ही रात्र जागून त्याचे पोर्ट बदलले, साइट जोडल्या. मग एक दिवस ते काढलं. प्रोग्राम गेला, तुमचे बदल राहिले. 'स्टेटस' नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत त्याची नोंद राहिली, मागे उरलेल्या फायलींची यादी राहिली. शेवटची आवराआवर करणारी एखादी स्क्रिप्ट असेल, तर तीही राहिली. तिचं काम अजून व्हायचंय. उद्या अपाची परत घातलंत, तर तुमचे बदल जसेच्या तसे भेटतील.

तलाठ्याच्या हातचा जुना सात-बारा आठवा. ज्याची जमीन गेली त्याचं नाव पुसलेलं नसतं. त्याला कंस केलेला असतो, शेजारी फेरफाराचा नंबर. पण कंस बोलतो तो होऊन गेलेल्या व्यवहाराबद्दल. आर-सी मात्र अजून व्हायच्या गोष्टीची वाट पाहत बसलेली असते.

आता मनातल्या मनात 'पर्ज' म्हणा. आज्ञा देऊ नका, फक्त म्हणा. ती दिलीत, तर सेटिंग जातील, स्क्रिप्ट आपलं काम उरकून स्वतः जाईल, ओळ यादीतून उठेल. तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायलींना मात्र कुणी हात लावणार नाही. त्या डीपीकेजीनं ठेवलेल्याच नव्हत्या.

त्यानंतरही नाव घेऊन विचारलंत, तर कधीकधी 'यू-एन' अशी ओळ येते. आवृत्तीच्या जागी 'नन', म्हणजे काहीच नाही. पॅकेजचं स्वतःचं खातं बंद झालेलं असतं. शेजारच्या पॅकेजच्या चोपडीत कुठेतरी 'याच्याशी माझं जमत नाही' किंवा तशीच एखादी नोंद असते, तिच्यात त्याचं नाव असतं.