भाकरी सोडा, प्रोटीन घ्या!

जुळे सोलापूरच्या एखाद्या जिममध्ये संध्याकाळी कान दिला, तर 'भाकरी बंद, कार्ब नको, नुसतं प्रोटीन' हा उपदेश हमखास ऐकू येतो. जोडीला प्रोटीन पावडरचा भलामोठा काळा डबा आणि त्यातला प्लास्टिकचा चमचा. मालदांडी ज्वारीच्या मुलखात भाकरीच आरोपीच्या पिंजऱ्यात! उपदेश करणाऱ्याला हे ताजं विज्ञान वाटतं. प्रत्यक्षात हा माल पन्नास वर्षांपूर्वीच मोडीत निघालेला आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. १८३८ साली रसायनशास्त्रज्ञ मुल्डरनं प्रथिनांचं नाव रूढ केलं. स्नायू प्रथिनं जाळूनच चालतात, असं रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं ठासून सांगितलं. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस हे शास्त्रज्ञ प्रथिनांविना जेवून फाउलहॉर्न पर्वत चढले, लघवीतल्या नायट्रोजनवरून जळलेली प्रथिनं मोजली आणि लीबिगला खोटं पाडलं. स्नायूंचं मुख्य इंधन कर्बोदकं आणि चरबी.

तरीही १९३३ मध्ये डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतल्या सुजलेल्या बालकांचं वर्णन केलं, ती सूज प्रथिनांच्या तुटीची मानली गेली आणि प्रथिनांचा धाक पुन्हा बसला. १९६८ पर्यंत संयुक्त राष्ट्रं 'प्रथिनसंकटा'चा इशारा देऊ लागली.

खरं वळण इथं आहे, आणि ते घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्रज्ञ होते. भारतीय कुटुंबांच्या आहाराचे आकडे त्यांनी वेगळ्या पद्धतीनं मांडले: प्रथिनं कमी पडणारे किती, हे मोजताना त्यांतल्या किती जणांना उष्मांकही कमी पडतात, हे पाहिलं. बहुतेक सगळे तेच निघाले. पोटभर जेवणाऱ्यांत प्रथिनांची तूट क्वचितच. हैदराबादेत पोषणतज्ज्ञ सी. गोपालनही मुलांच्या आहारावरून त्याच निष्कर्षाला आले होते. १९७३ मध्ये प्रथिनांच्या गरजेचे आंतरराष्ट्रीय आकडे खाली आले. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ मॅकलरेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकरणाला सरळ 'महाफज्जा' म्हटलं.

याचा अर्थ 'प्रथिनं नकोत' असा लावणारेही आहेत, तोही गैरसमजच. मुद्दा शरीराच्या प्राधान्याचा आहे. उष्मांक अपुरे पडले की यकृत प्रथिनांच्या अमायनो आम्लांतला नायट्रोजन काढून त्याचा युरिया करतं आणि उरलेला सांगाडा इंधन म्हणून वापरला जातो. भाकरी टाकून भुकेल्या पोटी महागडी पावडर पिणारा चंदनाचं सरपण करतो.

भाकरीत उणीव नाही असं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, पण लायसिन हे अमायनो आम्ल तुटपुंजं. ते तुरीच्या वरणातून मिळतं. तीनशे ग्रॅम ज्वारी, पन्नास ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाण्यांची चटणी आणि पाव लिटर दूध एवढ्यात ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. पासष्ट किलोच्या पुरुषासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२० ची शिफारस ५४ ग्रॅमची आहे. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतात, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांनाही. पण म्हणून ताटातून भाकरी हटवायची गरज त्यांनाही नाही.

सुखात्म्यांचं पुढचं म्हणणं, की शरीर कमी आहाराशी जुळवून घेतं, मात्र जपूनच घ्यायला हवं. त्यावरून त्यांचा अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी गाजलेला वाद झाला. त्यात दांडेकरांचा संशय रास्त होता: जुळवून घेणाऱ्या शरीराचा दाखला देऊन उपाशी माणसाला गरिबांच्या यादीतून वगळणं फार सोपं असतं.

उष्मांक आणि प्रथिनं जोडीनंच मोजायची, हे शाळेच्या ताटात दिसतं: शाळेतल्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असे दोन्ही आकडे शेजारी ठेवलेले आहेत. शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ. त्या खिचडीतली निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळाची असतात.